युजीन हूड्री : धुराचे विष उतरवणारा अभियंता

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीचा धूर बाहेर पडण्यापूर्वी एका लहानशा डब्यातून जातो. त्याला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणतात. कोट्यवधी लोकांच्या फुप्फुसांवरचा भार या डब्याने हलका केला. त्याच्या जनकांपैकी एक असलेल्या युजीन हूड्री यांना मात्र त्याचा सर्रास वापर पाहता आला नाही.

हूड्री यांचा जन्म १८९२ मध्ये पॅरिसजवळच्या दोमों येथे झाला. वडिलांचा पोलादाचा व्यवसाय होता. मुलाने यांत्रिक अभियांत्रिकी निवडली. पहिल्या महायुद्धात ते रणगाडा दलात होते आणि १९१७ मध्ये जखमी झाले. युद्ध संपल्यावर त्यांना शर्यतीच्या मोटारींचे वेड लागले. इंजिन कितीही चांगले असले तरी पेट्रोल हलके असेल तर काही उपयोग नाही, हे त्यांना उमगले.

मग त्यांनी जड तेलापासून चांगले पेट्रोल बनवण्याचा ध्यास घेतला. तापलेल्या तेलाची वाफ मातीसारख्या उत्प्रेरकावरून नेली की तेलाचे मोठे रेणू तुटतात. पण थोड्याच वेळात उत्प्रेरकावर काजळी साचून तो निकामी होई. ही काजळी हवेच्या साहाय्याने जाळून उत्प्रेरक पुन्हा ताजा करण्याची युक्ती हूड्री यांनी साधली. १९३० मध्ये ते अमेरिकेत गेले आणि १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मार्कस हुक येथे या पद्धतीचा मोठा कारखाना सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांना त्यातूनच उत्तम इंधन मिळाले.

पुढे लॉस एंजेलिसवर विषारी धुरक्याची चादर पसरू लागली आणि हूड्री अस्वस्थ झाले. ज्या मोटारींसाठी आयुष्य वेचले, त्यांचाच धूर लोकांचे आरोग्य बिघडवत होता. आता उत्प्रेरकाचा उपयोग त्यांनी धुरासाठी केला. न जळलेले इंधन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे रूपांतर पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइडमध्ये करणारे उपकरण त्यांनी तयार केले. १९५६ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. पण तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे आणि शिशाचा थर बसला की उत्प्रेरक मरतो. हूड्री १९६२ मध्ये वारले. अमेरिकेत बहुतेक नव्या मोटारींत कन्व्हर्टर आले ते १९७५ पासून, शिसेविरहित पेट्रोलसोबत. भारतात १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना ते सक्तीचे झाले आणि २००० मध्ये देशभर शिसेविरहित पेट्रोल आले.

मात्र हा डबा एकटा काही करू शकत नाही. इंजिनापासून त्याच्यापर्यंतचा मार्ग घट्ट बंद असावा लागतो. इंजिन आणि धुराचा मॅनिफोल्ड यांच्या सांध्यातले गॅस्केट फुटले, तर कार्बन मोनॉक्साइड कन्व्हर्टरला चुकवून बाहेर येतो आणि गाडीच्या आतही शिरू शकतो. या वायूला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, गरगरणे ही त्याची पहिली लक्षणे. शिवाय फटीतून हवा आत ओढली गेली की ऑक्सिजनचा सेन्सर फसतो, इंजिनाला जास्त इंधन मिळते आणि कन्व्हर्टर तापून खराब होतो.

म्हणून गॅस्केट बदलताना ते त्याच इंजिनाच्या मापाचे हवे. त्याची भोके धुराच्या मार्गापेक्षा लहान नकोत. पोलादी पत्र्यांच्या अनेक थरांचे गॅस्केट तापणे-निवणे चांगले सोसते. तांब्याचे मऊ असल्याने किरकोळ उंचसखलपणा भरून काढते. पण सांध्याचा पृष्ठभागच वाकला असेल, तर तो आधी सपाट करून घ्यावा लागतो. नाहीतर महागातले गॅस्केटही टिकत नाही. थंड इंजिन सुरू करताना टिकटिक आवाज येत असेल, तर मेकॅनिककडून हा सांधा तपासून घ्यावा.

हूड्री यांनी धुराचे विष उतरवण्याची वाट दाखवली. धूर त्या वाटेने जातो की फटीतून निसटतो, हे मात्र पत्र्याच्या एका पातळ तुकड्यावर ठरते.