संत गाडगेबाबा : खराटा आणि धर्मशाळा

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षे झाली. रंगरंगोटी, नवी टाकी, फाटकाची कमान, असे बरेच विषय सध्या सभेत चालू आहेत. बांधकामाच्या गोष्टी निघाल्या, की एका माणसाची आठवण हरसूलकरांनी काढायलाच हवी. त्याच्या अंगावर चिंध्या होत्या, राहायला स्वतःची खोली नव्हती. तरी आयुष्यभर तो दुसऱ्यांसाठी घाट आणि धर्मशाळा बांधत राहिला. ते म्हणजे संत गाडगेबाबा.

त्यांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. घरचे नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर, जात परीट. वडील दारूपायी लवकर गेले, संसार मोडला आणि आईबरोबर डेबूजी मामाकडे दापुऱ्याला आले. गुरे राखली, नांगर धरला. शाळेचे तोंड काही पाहायला मिळाले नाही. पुढे लग्न झाले, मुलगी झाली. बारशाला दारू आणि मटणाचे जेवण द्यायची जातीची रीत होती. डेबूजींनी गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रागावले, पण वडिलांचा शेवट ज्याने पाहिला होता तो मागे हटणार कसा?

1905 साली त्यांनी घर सोडले. अंगावर ठिगळांचा कपडा, हातात खराटा आणि एक मातीचं गाडगं. त्याच गाडग्यात भाकरी खायची, त्यातूनच पाणी प्यायचं. त्यावरून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. पण भाकरी फुकट घ्यायची नाही. आधी कुणाची लाकडे फोडायची, कुणाचे अंगण झाडायचे, मग जेवायचे.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन नावाचं तीर्थ आहे. तिथे पौष महिन्यातल्या रविवारी यात्रा भरते. काठावर चिखल; बायाबापड्या, म्हातारी माणसे घसरून पडायची. बाबा यात्रेत दर्शनाच्या रांगेत नसत, चिखलात असत. माती ओढायची, वाट नीट करायची, हात देऊन माणसे वर घ्यायची. पुढे लोकांच्या श्रमातून आणि वर्गणीतून तिथे घाट उभा राहिला. नकाशा काढणारा कुणी मोठा माणूस त्यामागे नव्हता. माणूस कुठे घसरतो हे पाहिलं आणि तिथे पायरी बांधली, एवढंच. आपण आज रविवारी श्रमदान म्हणतो ना, ते हेच.

त्यांची रीत ठरलेली. गावात शिरले की आधी झाडायला लागायचे. एक अनोळखी भणंग आपला उकिरडा झाडतोय हे पाहून गावकरी ओशाळायचे आणि हळूहळू झाडू घेऊन बाहेर यायचे. रात्री कीर्तन. तेही श्रोत्यांना प्रश्न विचारत, त्यांच्याकडूनच उत्तरे काढत. कर्ज काढून सण करू नका, नवसाला बकरं कापू नका, दारू पिऊ नका, पोरांना शिकवा, शिवाशीव पाळू नका; विषय हे.

लोक पैसे द्यायचे. ते बाबांनी स्वतःसाठी ठेवले नाहीत. त्यातून पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक अशा ठिकाणी धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयात गावाकडून येणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी सोय झाली. नाशिकला गोदाकाठची धर्मशाळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिथला पूलही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

यातली पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा विशेष महत्त्वाची. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्याला देवळात प्रवेश नव्हताच, पण रात्री पाठ टेकायलाही कुणी जागा देत नसे. विठ्ठलाचे देऊळ सर्वांना खुले झाले 1947 साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. बाबांनी त्याच्या कितीतरी आधी या वारकऱ्यांच्या डोक्यावर छप्पर घातले होते. 1949 साली ही धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. लाखमोलाची वास्तू, पण मुलांच्या शिक्षणाला उपयोगी पडते म्हटल्यावर देऊन मोकळे.

आपल्या नात्यातल्या कुणाचा या संस्थांवर हक्क राहू नये, याचीही त्यांनी तजवीज केली. खोल्या शेकडो बांधल्या, पण एकीवरही स्वतःचे नाव लावले नाही. 6 डिसेंबर 1956 ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, 20 डिसेंबरला, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच गाडगेबाबांनी प्राण सोडला. समाधी अमरावतीत आहे. 2000 साली राज्य सरकारने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, ते त्यांच्याच नावाने.

त्यांच्या चरित्रातून आपण काय घ्यायचं? फक्त खराटा घेतला तर अर्धेच घेतले. बाबा झाडायचे आणि झाडता झाडता पाहायचे, की इथे कुणाला जागा नाही. मग तिच्यासाठी बांधायचे.

आता आपल्या आवाराकडे बघा. रोज जिने झाडणाऱ्या ताई दुपारचा डबा जिन्याखाली बसून खातात. पावसाळ्यात, आणि हरसूलचा पाऊस काय असतो हे सांगायला नको, रात्रपाळीचा वॉचमन फाटकाच्या आडोशाला उभा असतो. पाणी प्यायचे तर कुणाच्या तरी दारात मागायचे. पंचवीस वर्षांत आपण वाहनांसाठी शेड केली, माणसांसाठी राहून गेली.

कमानीच्या खर्चातून फाटकाजवळ एक साधी खोली होऊ शकते. चार भिंती, पत्र्याचे छप्पर, एक नळ, एक संडास, बसायला बाक. गवंडीकाम जाणकार करतील; माती ओढणे, विटा देणे, रंग देणे हे आपण सभासदांनी मुलाबाळांसह चार रविवारी करायचे. येत्या वार्षिक सभेत हा ठराव यावा. आणि खोली झाली, की तिच्यावर देणगीदाराच्या नावाची पाटी मात्र नको.