कर्मवीर भाऊराव पाटील : तालीम आणि पाठशाळा एका छपराखाली

कुंभोज हे नाव उच्चारले की समाजबांधवांच्या मनात प्रथम उभे राहते ते बाहुबलीचे तीर्थक्षेत्र. कोल्हापूर जिल्ह्यातील याच कुंभोज गावी, आपल्या आजोळी, 22 सप्टेंबर 1887 रोजी एका जैन शेतकरी कुटुंबात भाऊरावांचा जन्म झाला. वडील पायगोंडा पाटील, मातोश्री गंगाबाई. घराणे वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. पुढे ज्या पुरुषाला महाराष्ट्राने ‘कर्मवीर’ ही पदवी दिली, त्याच्या बालपणात विद्वत्तेची फारशी चिन्हे दिसत नव्हती. दिसत होता तो दांडगा देह आणि त्याहून दांडगी न्यायबुद्धी. गावच्या विहिरीवर अस्पृश्य बंधूंना पाणी मिळत नाही, हे पाहून या मुलाने विहिरीचा रहाटच मोडून टाकला, अशी हकिकत सांगितली जाते.

वडिलांच्या नोकरीमुळे प्राथमिक शिक्षण विटे येथे झाले आणि इंग्रजी शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाले. राहण्याची सोय दिगंबर जैन बोर्डिंगमध्ये होती. त्या काळचे कोल्हापूर म्हणजे एक वेगळेच विश्व होते. राजर्षी शाहू महाराज स्वतः कुस्तीचे जाणकार आणि मल्लांचे आश्रयदाते. गल्लोगल्ली तालमी घुमत होत्या. खासबागेचे भव्य मैदान 1912 साली उभे राहिले, परंतु त्याची हवा आधीपासूनच शहरात भरलेली होती. दुसरीकडे त्याच महाराजांच्या प्रेरणेने 1901 पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी एकामागून एक वसतिगृहे निघत होती. एका हाताने मल्ल घडवावा आणि दुसऱ्या हाताने विद्यार्थी, असा तो राजा होता. मात्र तालीम तालमीच्या जागी होती, बोर्डिंग बोर्डिंगच्या जागी, आणि प्रत्येक समाजाचे बोर्डिंग वेगळे होते.

भाऊराव या दोन्ही जगांत वावरले. कुस्ती, मल्लखांब, पोहणे यांत त्यांचे मन जितके रमे, तितके वर्गातील बाकावर रमत नसे. गणिताने तर त्यांना छळलेच. परीक्षेत अडलेल्या या मुलाला वरच्या वर्गात घालावे, असे खुद्द महाराजांनी सुचविले असता शिक्षक भार्गवराम कुलकर्णी यांनी भाऊराव ज्या बाकावर बसतात तो बाक हवा तर वर चढवू, भाऊरावांना नव्हे, अशा आशयाचे उत्तर दिले, ही गोष्ट पश्चिम महाराष्ट्रात आजही आवडीने सांगतात. राजापुढे असे बोलणारा शिक्षक आणि ते ऐकून घेणारा राजा, दोघेही धन्य होत. भाऊरावांचे शालेय शिक्षण मात्र इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही.

तालमीतील तांबड्या मातीचा एक गुण ध्यानात घेण्यासारखा आहे. तेथे अंगाला अंग लागते, एकाचा घाम दुसऱ्याच्या अंगावर जातो. विटाळ पाळून कुस्ती होत नाही. ज्याने ही माती अंगाला लावली, त्याला बोर्डिंगचे सोवळे रुचणार कसे? 1908 च्या सुमारास कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्या समारंभास भाऊराव हजर राहिले आणि परतल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला. बोर्डिंगची व्यवस्था त्यावेळी अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे हे काही सामान्य गृहस्थ नव्हेत. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे ते आधारस्तंभ, उच्चविद्याविभूषित, पुढे कोल्हापूरचे दिवाण आणि 1937 नंतर मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री झाले. परंतु नियम तो नियम. भाऊरावांना बोर्डिंग सोडावे लागले. आपल्याच समाजाने आपल्याच एका मुलाला दाराबाहेर काढले, ही गोष्ट सुवर्णमहोत्सवाच्या अंकात झाकून ठेवण्याचे कारण नाही. बाहेर पडलेल्या या विद्यार्थ्याला शाहू महाराजांनी राजवाड्यात आसरा दिला, आणि त्या राजवाड्यात भाऊराव जे शिकले ते कोणत्याही इयत्तेत नव्हते.

या प्रकरणाचा खरा शेवट सहा-सात वर्षांनी झाला. 1914 साली कोल्हापुरात बादशहा सातवे एडवर्ड यांच्या पुतळ्यास कोणी डांबर फासले. संशयाची सुई लठ्ठ्यांकडे वळविण्यात आली आणि त्यांच्याविरुद्ध साक्ष मिळविण्यासाठी पोलिसांनी भाऊरावांना धरले. ज्या माणसाने आपल्याला बोर्डिंगमधून घालविले, त्याच्यावर सूड घेण्याची संधी चालून आली होती. फक्त एक खोटा शब्द बोलायचा होता. भाऊरावांनी तो उच्चारला नाही. मारहाण झाली, दिवसेंदिवस कोठडी झाली. छळ असह्य होऊन त्यांनी स्वतःचे जीवन संपविण्याचाही प्रयत्न केला, पण खोटी साक्ष दिली नाही. अखेर त्यांची सुटका झाली. क्षमा आणि सत्य यांवरची प्रवचने आपण पर्युषणात दरवर्षी ऐकतो. सत्तावीस वर्षांच्या या पैलवान तरुणाने ती कोल्हापूरच्या कोठडीत आचरून दाखविली.

तत्पूर्वी 1909 मध्ये त्यांचा विवाह कुंभोजच्या एका संपन्न घरातील कन्येशी, लक्ष्मीबाईंशी झाला होता. चरितार्थासाठी भाऊरावांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या, ओगले काच कारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर घेऊन खेड्यापाड्यांत हिंडले. विक्रेत्याची ही नोकरी त्यांच्या चरित्रात बहुधा दोन ओळींत उरकली जाते. व्यापारउदीम जाणणाऱ्यांना तिचे मोल वेगळे वाटेल. शेतकऱ्याच्या बांधावर बसून त्याला पटवणे, दहा दारांतून नकार घेऊन अकराव्या दाराशी हसतमुखाने उभे राहणे, कोणत्या गावी कोण शब्दाचा पक्का आहे हे ओळखणे, ही सारी विद्या त्यांना तेथे मिळाली आणि पुढे चाळीस वर्षे वर्गण्या मागताना ती कामी आली. आणखी एक गोष्ट त्यांनी या भटकंतीत पाहिली. नांगर चांगला की वाईट हे शेतकऱ्याला नेमके कळत होते. पावतीवर काय लिहिले आहे हे कळत नव्हते.

सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवण्याचा पहिला प्रयोग 1910 साली दूधगाव येथे झाला होता. 1919 साली सत्यशोधक विचारांच्या मंडळींसमवेत कराडजवळील काले येथे भाऊरावांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह. 1924 मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले, आणि 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. नाव शाहू महाराजांचे, पण महाराजांच्या योजनेपुढचे एक पाऊल येथे पडले होते. येथे मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी मुले एकाच छपराखाली झोपत व एकाच पंगतीत जेवत होती. एकत्र स्वयंपाकघराचा हा प्रयोग पाहून गांधीजींनीही समाधान व्यक्त केले.

या बोर्डिंगमधील दिनक्रम म्हणजे भाऊरावांच्या शिक्षणविचाराचे सार होय. भल्या पहाटे उठणे, व्यायाम, मग पाणी भरणे, दळण, स्वयंपाक, झाडलोट, शेतातील काम, आणि त्यानंतर अभ्यास. नोकर नाही, आचारी नाही. मुलेच सर्व पाळीपाळीने करीत. तालमीत जोर-बैठकांवर जो घाम खर्च होतो, तोच जमिनीत खर्च केला तर शरीरही कमावले जाते आणि जेवणाचा खर्चही निघतो, हा त्यांचा रोकडा हिशोब होता. दान घेऊन शिकणारा मुलगा मान खाली घालून शिकतो, कमावून शिकणारा ताठ मानेने. म्हणून संस्थेच्या तत्त्वांत स्वाध्यायाच्या जोडीला स्वावलंबन व स्वाभिमान हे शब्द आले. बलोपासना आणि विद्योपासना यांची अशी सांगड घालणारा माणूस स्वतः गणितात नापास झालेला होता, हे विशेष!

अर्थात मुलांच्या श्रमाने सर्व भागत नव्हते. खेड्यांतून मूठ-मूठ धान्य गोळा होई, तरी महिनाअखेर कोठी रिकामी पडे. अशा वेळी पुढे येत त्या लक्ष्मीबाई. माहेरून आलेले त्यांचे सोने एकेक करून मोडले गेले, आणि मुले उपाशी राहतील अशी वेळ आली तेव्हा या साध्वीने गळ्यातील मंगळसूत्रही काढून दिले. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या या स्त्रीला सर्व जातींच्या मुलांचा स्वयंपाक करणे आरंभी सोपे गेले नसेल. पुढे त्याच मुलांची ती आई झाली. 1930 साली त्यांचे निधन झाले. संस्थेच्या भाग्योदयाचे दिवस त्यांना पाहायला मिळाले नाहीत. देणगीदारांच्या नावांच्या फरशा सर्वत्र लागतात. रयतच्या पहिल्या फरशीवर कोणाचे नाव हवे, याविषयी दुमत होऊ नये.

त्यानंतर कार्य विस्तारत गेले. गांधी-आंबेडकर यांच्यातील पुणे कराराच्या वर्षी, 1932 मध्ये, पुण्यात युनियन बोर्डिंग हाउस निघाले. 1935 मध्ये साताऱ्यास शिक्षक घडविणारे सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज आणि 1940 मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय स्थापन झाले व ‘कमवा आणि शिका’ ही योजना महाविद्यालयाच्या पातळीवर आली. पदवीचे विद्यार्थी सकाळी खोरे-कुदळ घेऊन शेतावर, रस्त्यावर, बांधकामावर जात आणि नंतर वर्गात बसत. या महाविद्यालयाचे नाव बदलून स्वतःचे दिल्यास मोठी रक्कम देऊ, असे एका धनिकाने सुचविले असता, वडिलांचे नाव एक वेळ बदलेन पण छत्रपतींचे नाही, या अर्थाचे उत्तर भाऊरावांनी दिल्याचे सांगतात. पैशाची निकड असताना असा सौदा नाकारणे किती कठीण असते, हे ट्रस्टचा कारभार पाहिलेल्यांना सांगावयास नको.

गांधीजींच्या हत्येनंतरच्या अशांत काळात सरकारची मर्जी फिरली व संस्थेचे अनुदान काही काळ थांबले. भाऊरावांनी काटकसरीची भाषा न करता गांधीजींच्या नावे 101 हायस्कुले काढण्याचा संकल्प केला. शिक्षक अर्ध्या पगारावर, कधी पगाराविना राबले; गावांनी देवळे, धर्मशाळा, चावड्या शाळांसाठी मोकळ्या केल्या. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. 1954 मध्ये कराड येथे सद्‌गुरू गाडगे महाराज महाविद्यालय निघाले. हातात खराटा घेणाऱ्या संताचे नाव महाविद्यालयाला देणे भाऊरावांनाच सुचावे. दोघांचा स्नेहही तसाच होता.

शाहू बोर्डिंगमधून बाहेर पडलेल्यांत पी. जी. पाटील हे एक. ते बॅरिस्टर झाले, रयतच्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. ज्या शहरात भाऊरावांना सहावीच्या पुढे जाता आले नाही, त्याच शहरातील विद्यापीठाच्या कुलगुरूपदावर त्यांचा विद्यार्थी बसला.

1959 साली भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिले, आणि त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने डी.लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. शरीर तोवर थकले होते. पांढरी शुभ्र दाढी, अंगावर खादी आणि मूळचा तो पैलवानी बांधा आजारपणातही ओळखू येत असे. 9 मे 1959 रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. त्या दिवशी संस्थेची शंभराहून अधिक हायस्कुले, तीन महाविद्यालये आणि तीसहून अधिक वसतिगृहे चालू होती, आणि त्यांतील कोणत्याही वसतिगृहात प्रवेशासाठी मुलाची जात आड येत नव्हती.