लिओ झिलार्ड : एक दिवस आधी निघालेला शास्त्रज्ञ

लिओ झिलार्ड यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८९८ रोजी बुडापेस्ट येथे एका ज्यू कुटुंबात झाला. बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांच्या सहवासात त्यांनी पदार्थविज्ञानाचा व्यासंग केला. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. इतर विद्वान अजून वाट पाहू म्हणत असता झिलार्ड व्हिएन्नाच्या गाडीत बसले. ती गाडी जवळजवळ रिकामी होती. दुसऱ्या दिवशी तीच खचाखच भरली आणि सरहद्दीवर अडवली गेली.

त्याच वर्षी सप्टेंबरात, लंडनमधील एक रस्ता ओलांडताना, त्यांना साखळी अभिक्रियेची कल्पना सुचली. एक न्यूट्रॉन शोषून दोन बाहेर टाकणारे मूलद्रव्य सापडले, तर दोनाचे चार, चाराचे आठ असे होत अपार ऊर्जा मुक्त होईल. युरेनियमचे विखंडन तेव्हा कोणास ठाऊकही नव्हते! पेटंट लोक लाभासाठी घेतात; झिलार्ड यांनी मात्र आपले पेटंट गुप्त राहावे म्हणून १९३६ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या स्वाधीन केले.

जर्मनी आधी बॉम्ब बनवील या भयाने १९३९ साली त्यांनीच आइन्स्टाइन यांच्या सहीचे पत्र रूझवेल्ट यांच्याकडे धाडविले. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत फर्मी यांच्यासमवेत त्यांनी पहिली अणुभट्टी चालती झालेली पाहिली. परंतु जर्मनी शरण गेल्यावर बॉम्बचे प्रयोजन काय उरले? जुलै १९४५ मध्ये सुमारे ७० शास्त्रज्ञांच्या सह्यांचा विनंतीअर्ज त्यांनी सिद्ध केला. तो ट्रूमन यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही.

पुढे ते जीवशास्त्राकडे वळले, पण धोक्याचा विचार सुटला नाही. हायड्रोजन बॉम्बला कोबाल्टचे वेष्टन दिल्यास त्याची किरणोत्सारी धूळ वाऱ्यांबरोबर पृथ्वीभर पसरून मनुष्यजातच नष्ट होऊ शकेल, असा इशारा त्यांनी १९५० साली नभोवाणीवरून दिला. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य सुमारे सव्वापाच वर्षांचे. म्हणजे तळघरात लपून काही आठवडे काढणाऱ्यासही सुटका नाही. असे अस्त्र कोणी करावे हा त्यांचा हेतू नव्हता. शस्त्रस्पर्धा कोठे नेत आहे, हे नागरिकांना आधीच कळावे एवढाच होता.

१९६० मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगावर स्वतःच आखलेले किरणोपचार घेत असता त्यांनी न्यूयॉर्कला ख्रुश्चेव्ह यांची भेट घेतली आणि मॉस्को-वॉशिंग्टन थेट संपर्काची सूचना मांडली. क्यूबाच्या संकटात ते पत्नीसह जिनिव्हास निघून गेले. कित्येकांना हा पळपुटेपणा वाटला. १९३३ ची गाडी ध्यानात ठेवणाऱ्यास तसे वाटणार नाही. जून १९६३ मध्ये दोन्ही राजधान्यांना जोडणाऱ्या थेट दूरमुद्रक वाहिनीचा करार झाला. पुढील वर्षी, ३० मे रोजी, कॅलिफोर्नियात झिलार्ड यांचे निधन झाले.