रेव्ह. पीटर केली

कॅनडाच्या पश्चिमेस समुद्रात हायडा ग्वाई ही बेटे आहेत. तेथील स्किडगेट गावी १८८५ साली पीटर केली यांचा जन्म झाला. मिशनच्या शाळेत शिकून ते शिक्षक झाले, आणि १९१६ साली त्यांना मेथडिस्ट पाळकपदाची दीक्षा मिळाली.

त्याच सुमारास ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील आदिवासी जमाती एक झाल्या व त्यांचे पुढारपण केलींकडे आले. प्रांताने बहुतेक जमिनी करार न करताच घेतल्या होत्या. आता करार करावा, एवढीच मागणी. १९१९ साली प्रांतिक सरकारला लेखी निवेदन दिले. पण सरकार मुळात हक्कच मानीना. १९२७ साली केली ओटावास संसदेच्या समितीपुढे उभे राहिले. समितीने दावा फेटाळला. एवढ्यावर भागले नाही. अशा दाव्यासाठी परवानगीवाचून वर्गणी गोळा करणे त्याच साली गुन्हा ठरला! वर्गणीवर चालणाऱ्या आपल्या मंडळ्यांना हा घाव कळेल. संघटना मोडली.

केली मिशनच्या बोटीने किनाऱ्यावरील वस्त्यांची सेवा करीत राहिले. बंदी १९५१ साली उठली. १९६६ साली ते प्रभुवासी झाले. त्या बेटांवरील हायडांचा मूळ हक्क प्रांतिक सरकारने करार करून मान्य केला, तो २०२४ साली.