कर्सरसाठी भांडलेला माणूस : जेफ रास्किन

प्रोजेक्ट रिपोर्ट टाईप करताना मध्येच एखादी सर्किट डायग्रॅम टाकली की काय होतं ते आपल्याला चांगलंच माहीत आहे. डाऊन अॅरो दाबला की कर्सर कुठे गेला ते कळत नाही आणि बॅकस्पेस एकदा जास्त दाबला तर चित्रच गायब! कारण साधं आहे. ओळीत बसवलेलं चित्र एडिटरच्या लेखी एकच अक्षर असतं, फक्त वीस ओळींएवढं उंच. ओळी मोजून सरकणारा एडिटर तिथे टुणकन उडी मारतो. मग कर्सर नेमका असतो कुठे, अक्षरावर की दोन अक्षरांच्या मध्ये? मित्रांनो, प्रश्न बावळट वाटेल, पण जेफ रास्किनने त्याचा फार गंभीरपणे विचार केला.

रास्किनचा जन्म ९ मार्च १९४३ चा, न्यूयॉर्कचा. गणितात पदवी, वर तत्त्वज्ञान आणि संगीताचा नाद. १९६७ साली पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात त्याने मास्टर्सचा प्रबंध लिहिला. तेव्हा पडद्यावर अक्षरं ठरलेल्या चौकटींत उमटायची. रास्किनचं म्हणणं, पडदा ठिपक्यांचा असावा आणि अक्षरंही चित्रासारखीच काढावीत. म्हणजे मजकूर आणि चित्र एकाच पंगतीत!

पुढे त्याने अॅपल २ च्या बेसिकचं मॅन्युअल लिहिलं आणि १९७८ मध्ये तो अॅपलचा ३१ वा कर्मचारी झाला. १९७९ साली त्याने सामान्य माणसाला परवडेल अशा स्वस्त कॉम्प्युटरचा प्रकल्प सुरू केला आणि आपल्या आवडत्या सफरचंदाच्या जातीवरून त्याला मॅकिंटॉश नाव दिलं. पण १९८१ मध्ये स्टीव्ह जॉब्जने प्रकल्प ताब्यात घेतला, दोघांचं जमेना, आणि १९८२ मध्ये रास्किन बाहेर पडला. १९८४ ला बाजारात आलेला मॅक त्याच्या मनातला नव्हताच.

मनातलं मशीन आलं १९८७ मध्ये, कॅनन कॅट. याला माऊस नाही, अॅरो कीज नाहीत! स्पेसबारखाली दोन लीप कीज. एक दाबून धरायची आणि जिथे जायचं तिथली अक्षरं टाईप करायची, कर्सर उडी मारून तिथे हजर. उजवी की पुढे शोधते, डावी मागे. बोट उचललं की शोध संपला, त्यामुळे आपण कुठल्या मोडमध्ये अडकलोय ही भानगडच नाही.

खरी गंमत कर्सरमध्ये होती. कॅटच्या कर्सरचे दोन भाग होते. एक दाखवायचा की पुढचं अक्षर कुठे उमटेल, दुसरा दाखवायचा की आत्ता पुसलं तर काय जाईल. टाईप करताना हे दोन शेजारीशेजारी असत आणि लीप केल्यावर एकाच अक्षरावर येत. त्यामुळे लीप करून गाठलेलं अक्षर लगेच पुसता यायचं. आपल्या नेहमीच्या एडिटरमध्ये नुसती एक उभी रेघ लुकलुकते आणि बाकीचा अंदाज आपण बांधायचा. चित्राच्या कडेला गोंधळ होतो तो यामुळेच. माझ्या मते मॅकपेक्षा ही कल्पना मोठी आहे, पण तिला कोणी विचारत नाही.

किंमत १,४९५ डॉलर. सुमारे २०,००० कॅट विकले गेले आणि काही महिन्यांतच कॅननने उत्पादन बंद केलं. एवढ्या मेहनतीचं मशीन, पण गाशा गुंडाळला.

रास्किनने मात्र हट्ट सोडला नाही. २००० साली ‘द ह्युमेन इंटरफेस’ या पुस्तकात त्याने हे सगळं सविस्तर मांडलं. नंतर लीपची तीच कल्पना साध्या कॉम्प्युटरवर चालवण्यासाठी त्याने आर्ची नावाचं सॉफ्टवेअर हाती घेतलं. ते अर्धवट असतानाच स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं निदान झालं आणि २६ फेब्रुवारी २००५ रोजी कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिका इथे तो गेला. आर्चीचं काम पुढे काही काळ त्याचा मुलगा एझा याने चालवलं.