आधी शाळा, मग ट्रक

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे निकाल लागले, की आमच्या आकुर्डी-निगडीच्या पट्ट्यात घरोघरी एकच विषय असतो. मुलाने चाकणच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागावे, की हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत जावे? मुलीने एम.ई. करावे, परदेशी जावे, की स्पर्धा परीक्षेला बसावे? शेजारच्या मुलाला किती लाखांचे पॅकेज मिळाले हे कानावर येते आणि आईवडिलांचा जीव वरखाली होऊ लागतो. पहिली पायरी चुकली तर सारा जिनाच चुकेल, अशी धास्ती त्यामागे असते.

अशा वेळी मला एका माणसाचे आयुष्य आठवते. त्यांचे नाव आपण सर्वांनी रस्त्यावर पाहिले आहे, पण ते कुणा माणसाचे नाव आहे हे अनेकांच्या गावीही नसते. १९९४ साली पुण्यात तयार झालेली टाटा सुमो ही गाडी आठवा. सुमंत मूळगावकर या नावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली दोन-दोन अक्षरे जोडली, की ‘सुमो’ होते.

मूळगावकर मुंबईचे. जन्म १९०६ चा. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातून १९२९ साली ते इंजिनिअर झाले. साल मुद्दाम ध्यानात घ्यावे. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला आणि जगभर मंदी पसरली. हिंदुस्थानात तेव्हा मोठे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. रेल्वेत आणि मोठ्या कंपन्यांत वरच्या जागा बहुतेक गोऱ्या साहेबांसाठी राखलेल्या असत. विलायतेची पदवी हाती असली तरी पुढची वाट आखून दिलेली नव्हती.

मूळगावकर सिमेंटच्या धंद्यात शिरले. मोटारीशी या धंद्याचा सुतराम संबंध नाही. धूळ, भट्ट्या आणि दगड भरडणारी अवजड यंत्रे, हेच त्यांचे जग झाले. १९३६ साली दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ए.सी.सी. स्थापन झाली आणि त्या कंपनीत ते वरच्या पदापर्यंत चढत गेले. दुसऱ्या महायुद्धात परदेशी यंत्रे येणे अवघड झाले, तेव्हा सिमेंटची यंत्रसामग्री आपल्याच देशात घडवण्याच्या खटाटोपात मूळगावकर पुढे होते. संपूर्ण देशी यंत्रांचा पहिला सिमेंट कारखाना १९४७ साली बिहारातील चैबासा येथे उभा राहिला. वस्तू विकत आणण्यापेक्षा ती बनवण्याची विद्या हाती असणे महत्त्वाचे, हा धडा त्यांनी सिमेंटच्या धुळीत गिरवला.

१९४९ साली ते टेल्कोत आले. तेव्हा वय होते त्रेचाळीस. आजच्या हिशेबात या वयात माणूस निवृत्तीचे बेत आखू लागतो. जमशेदपूरची ही कंपनी तेव्हा रेल्वेची वाफेची इंजिने बनवत होती. १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार झाला आणि ट्रक बनू लागले. करार १९६९ मध्ये संपला, पण त्यानंतर टेल्कोला पुन्हा कुणाचे बोट धरावे लागले नाही. त्या पंधरा वर्षांत तिने ट्रक तर बनवलेच, शिवाय ट्रक कसा बनवतात हेही शिकून घेतले होते.

यापुढची गोष्ट आपल्या अंगणातली आहे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले होते आणि १९६२ नंतर एम.आय.डी.सी.ने कारखान्यांसाठी जमिनी घ्यायला सुरुवात केली. १९६६ साली टेल्कोने इथे पाय ठेवला तेव्हा जागा म्हणजे उजाड, खडकाळ माळ होता. मूळगावकरांनी तिथे हजारो झाडे लावून घेतली, पाणी साठवायला तलाव केला. कारखान्याची उभारणीही त्यांनी उलट्या बाजूने सुरू केली. आधी मुलांना शिकवणारा प्रशिक्षण विभाग काढला. मग यंत्रे बनवणारी यंत्रे, साचे आणि डाय तयार करणारे विभाग उभे केले. पुण्यात तयार झालेला पहिला ट्रक बाहेर पडला तो १९७७ साली. मधली अकरा वर्षे माणसे आणि अवजारे घडवण्यात गेली. खेड, मावळ, जुन्नरकडच्या शेतकऱ्यांची मुले या पट्ट्यात टर्नर, फिटर, टूलमेकर झाली. पुढे त्यांतल्या कित्येकांनी भोसरीत, चिंचवडला छोटी वर्कशॉप थाटली.

त्याच काळातली आणखी एक निवड इथे सांगायला हवी. १९७४ साली बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये एम.टेक. करणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनी टेल्कोची जाहिरात वाचली. स्त्रियांनी अर्ज करू नये, असे तिच्यात छापले होते. त्यांचा बेत खरे तर अमेरिकेत जाऊन पीएच.डी. करण्याचा होता. पण राहवेना, म्हणून त्यांनी जे.आर.डी. टाटांना एक पोस्टकार्ड टाकले. मुलाखतीसाठी तार आली, पुण्यात मुलाखत झाली आणि त्या टेल्कोच्या शॉप फ्लोअरवरच्या पहिल्या स्त्री इंजिनिअर झाल्या. याच सुधा मूर्ती. कंपनीची सूत्रे तेव्हा मूळगावकरांच्या हाती होती. इतक्या दूरदृष्टीच्या माणसाच्या कारखान्यातही अर्ध्या समाजाला दार बंद होते, हे विसरून चालणार नाही. ते दार एका पदवीधर मुलीने ठोठावले, म्हणून उघडले.

ऐंशीच्या दशकात चार कंपन्या जपानी तंत्रज्ञान घेऊन हलक्या ट्रकच्या बाजारात उतरल्या. टेल्कोने १९८६ साली स्वतःच्या हिमतीवर ४०७ काढला. आजही तो भाजीच्या मंडईत आणि बांधकामाच्या विटांखाली वाकलेला दिसतो. अकरा वर्षांच्या त्या शाळेचे हे फळ होते. १९८८ साली मूळगावकर बाजूला झाले आणि १ जुलै १९८९ रोजी वारले. पद्मभूषण मिळाले ते १९९० साली, मरणोत्तर.

या चरित्रातून घरोघरच्या त्या प्रश्नाला काय उत्तर मिळते? मला वाटते, पहिली नोकरी म्हणजे लग्नाची गाठ नव्हे. सिमेंटमध्ये वीस वर्षे काढलेला माणूस ट्रकचा राजा होऊ शकतो, कारण तो एका कामातून शिकलेले दुसऱ्या कामात घेऊन जातो. म्हणून पगाराच्या आकड्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. इथे मला कोण शिकवील? यंत्राला, कामाला माझा हात लागेल, की नुसते कागद रंगवावे लागतील? पाच वर्षांनी इथून निघालो तर सोबत काय नेईन?

शिक्षणाचे कर्ज फेडायचे असते, घरी धाकटी भावंडे असतात, चाकणला कित्येकांना कंत्राटी काम पत्करावे लागते; हे सगळे मी रोज पाहतो. त्यांना पगार पाहू नका, असे कोण सांगणार? पण दोन नोकऱ्यांत पगाराचा फरक थोडा असेल आणि शिकण्याचा मोठा, तर आईवडिलांनी शिकण्याच्या बाजूने उभे राहावे. आणि जिथे शिकवणारे कुणीच नाही, अशा कारखान्यांच्या मालकांनीही एकदा त्या अकरा वर्षांचा हिशेब मांडून पाहावा.