कॅपॅसिटर नव्हे, उष्णता बोलते!

गाणं पॉज करा, हेडफोन कानाला लावा आणि ॲम्प्लिफायरचा व्हॉल्यूम फुल करा. मागे एक बारीक ‘सूंऽऽ’ ऐकू येते ना? तिचं मूळ शोधणारा माणूस म्हणजे जॉन बर्ट्रांड जॉन्सन. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना ‘जॉन्सन नॉइज’मुळे तो माहीत असतो, पण बहुतेकांना फक्त आडनावापुरता.

१८८७ साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गला जन्मलेला हा मुलगा तुमच्यापेक्षाही लहान असताना, १९०४ मध्ये अमेरिकेत आला. नॉर्थ डकोटात पदवी, १९१७ मध्ये येलमधून पीएच.डी. आणि मग थेट टेलिफोनच्या धंद्यात. त्याचा विभाग पुढे बेल लॅब्ज झाला.

तिथे डोकेदुखी एकच. लांबच्या कॉलचा आवाज क्षीण व्हायचा, म्हणून व्हॅक्यूम ट्यूबने तो वाढवायचा. पण आवाजाबरोबर सूंही वाढायची. जर्मनीच्या शॉट्कीने १९१८ मध्येच ट्यूबच्या करंटमधल्या नॉइजचा सिद्धांत मांडला होता, त्यामुळे सगळ्यांचा संशय ट्यूबवर. जॉन्सनही आधी तिच्याच मागे होता. मग त्याच्या लक्षात आलं, की काही नॉइज ट्यूबचा नाहीच. तो इनपुटला जोडलेल्या साध्या रेझिस्टरमधून येतोय!

आता त्याची चिकाटी बघा. त्याने कार्बन घेतला, धातूच्या तारा घेतल्या, चक्क क्षारांचं पाणीही घेतलं. रेझिस्टन्स सारखा, तर नॉइज सारखा. मग तेच रेझिस्टर उकळत्या पाण्यात आणि द्रवरूप हवेत बुडवले. गार केलं की नॉइज कमी. म्हणजे माल खराब नव्हताच. उष्णतेने आतले इलेक्ट्रॉन सतत थरथरत होते आणि तीच थरथर ऐकू येत होती. कोड्याचं गणित त्याचाच स्वीडिश सहकारी हॅरी नायक्विस्टने सोडवलं. दोघांचे पेपर १९२८ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’त छापून आले.

इंजिनीअरांसाठी ही वाईटच बातमी होती म्हणा! सिग्नल या थरथरीच्या खाली गेला, की कितीही ॲम्प्लिफाय करा, सूंही तेवढीच वाढणार.

तुमच्या व्हॉल्यूमच्या नॉबखालीही रेझिस्टरच आहे. १०० किलोओहमचा पॉट मध्यावर असला, की पुढच्या सर्किटला साधारण २५ किलोओहम दिसतात. घरातल्या तापमानाला, २० किलोहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्यात त्यांचा नॉइज होतो जवळपास ३ मायक्रोव्होल्ट. १० किलोओहमचा पॉट लावलात तर १ मायक्रोव्होल्टहून कमी. म्हणून गॅदरिंगसाठी ॲम्प बनवणाऱ्यांनो, महागडा ‘ऑडिओफाइल’ पॉट घेण्याआधी त्याची व्हॅल्यू बघा. ही थरथर ब्रँड बघत नाही. फक्त मागचं उपकरण कमी ओहमचा लोड झेपवतंय ना, ते तपासा. स्वस्त कार्बन रेझिस्टर करंट वाहताना जादा नॉइज घालतात, तिथे मात्र मेटल फिल्म घेतलेले बरे. आणि नॉब फिरवताना होणारी खरखर? ती बिचाऱ्या जॉन्सनच्या नावावर नको. ती धूळ नाहीतर झिजलेला ट्रॅक.

१९५२ मध्ये तो बेल लॅब्जमधून निवृत्त झाला आणि १९७० मध्ये वारला. रेडिओ दुर्बिणींचे कितीतरी रिसीव्हर आज उणे अडीचशे अंशांच्या आसपास गार ठेवतात, ते याच थरथरीला दाबायला.